गॅसबत्तीचा मेंटल आणि रिकामा कप्पा

गेल्या विकांताला कोल्हापूरला गेलो होतो. माळ्यावर चढून जुनं सामान उतरवायचं काम आईने माझ्यावर सोपवलं होतं. त्यात एक पितळी गॅसबत्ती मिळाली, काच फुटलेली, पंपाचं चामडं वाळून चिपाड झालेलं. शेजारी एक पत्र्याची डबी. डबीत मेंटलची तीन पाकिटं, न वापरलेली.

मेंटल म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. जाळीच्या कापडाची एक छोटी पिशवी. ती बत्तीच्या तोंडाला दोऱ्याने बांधायची आणि पेटवायची. कापड जळून जातं, पण पिशवीचा आकार तसाच राहतो, पांढऱ्या राखेचा. मग खालून रॉकेलची वाफ आली की ती राख असा काही उजेड देते की अख्खं गुऱ्हाळ उजळून निघतं. आमच्या आज्जाचं गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू व्हायचं. रात्री चुलवाणावर काहील, गुळव्या रस हलवतोय, आणि वर बांबूला टांगलेली सूं सूं करणारी बत्ती. मी त्या राखेला बोट लावायला गेलो की आज्जा ओरडायचा, "हात लावू नगंस, फुटंल त्यो!" आणि खरंच, नुसता श्वास जोरात सोडला तरी मेंटल तुटायचा.

ती राख म्हणजे थोरियम डायऑक्साइड, म्हणजे थोरिया. त्यात साधारण एक टक्का सेरियमचं ऑक्साइड. थोरियम हे ॲक्टिनाइड कुळातलं मूलद्रव्य, युरेनियम आणि प्लुटोनियमचा भाऊबंद. म्हणजे आवर्तसारणीच्या तळाला जी एक ओळ वेगळी काढून ठेवलेली असते, त्या ओळीतला एक गडी आमच्या गुऱ्हाळात रोज रात्री कामाला होता. वरातीत बायका डोक्यावर धरायच्या त्या बत्त्यांतही तोच. हे मला अभियांत्रिकी पास होईपर्यंत माहीत नव्हतं. मग या विषयाच्या मागे लागलो ते लागलोच. आजचा लेख त्याचाच.

मेंटलचा जनक ऑस्ट्रियाचा कार्ल आउअर. १८८५ साली त्याने पहिलं पेटंट घेतलं, पण तो मेंटल ठिसूळ होता आणि उजेड हिरवट पडायचा. १८९१ साली त्याला थोरिया ९९ टक्के आणि सेरिया १ टक्का हे प्रमाण सापडलं आणि गॅसच्या दिव्यांचं नशीब फिरलं. गंमत अशी की शुद्ध थोरिया घेतलं तर उजेड फिका पडतो. सेरिया वाढवलं तरी फिका पडतो. थोरिया ज्योतीत तापतं, पण उष्णतेचे अदृश्य किरण फार कमी बाहेर टाकतं. त्यामुळे उष्णता वाया जात नाही आणि तापमान चढतं. मग त्यातला चिमूटभर सेरियम दृश्य प्रकाश देतो. थोरिया बैठक जमवणार, गाणार मात्र सेरियम!

मोनाझाइट नावाच्या वाळूत थोरियम असतं. १९०९ साली शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं, आणि केरळच्या किनाऱ्यावरची वाळू मेंटलसाठी युरोपात जाऊ लागली. (आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट भरपूर आहे, मोनाझाइट मात्र फारच कमी.) स्वातंत्र्यानंतर सरकारने ही निर्यात थांबवली. होमी भाभांच्या डोक्यात थोरियमचं वेगळं गणित होतं. १९५२ साली केरळात अलवायेला मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला आणि १९५५ साली ट्रॉम्बेला थोरियमचा. ट्रॉम्बेच्या कारखान्यातलं थोरियम नायट्रेट मेंटल बनवणाऱ्यांना विकलं जायचं. म्हणजे भारताच्या अणुकार्यक्रमाचं एक अगदी सुरुवातीचं उत्पादन वरातीत आणि गुऱ्हाळात जळत होतं. आपल्याकडे अणुयुगाचा इतिहास सांगताना हे कोणी फारसं सांगत नाही. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाबद्दल आपण अभिमानाने बोलतो (बोलावंच), पण तो वातीचा. ॲक्टिनाइडचा मान गॅसबत्तीचा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. थोरिया असं का वागतं? पांढरं का? इतकं तापूनही वितळत का नाही? (त्याचा द्रवणांक ३३०० अंश सेल्सियसच्या आसपास आहे, ज्ञात ऑक्साइडांत सर्वांत वरचा.) उत्तर आहे त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत.

अणूतले इलेक्ट्रॉन कप्प्याकप्प्यांत बसतात असं समजा. थोरियमकडे बाहेरच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन असतात, युरेनियमकडे सहा. ऑक्सिजनचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन मागतो, म्हणजे डायऑक्साइडमध्ये दोघे मिळून चार. थोरियम चारही देऊन मोकळा होतो. त्याच्याकडे शिल्लक शून्य. युरेनियमकडे मात्र दोन उरतात, आणि ते जातात '५एफ' नावाच्या कप्प्यात. थोरियाचा ५एफ कप्पा रिकामा, युरेनियाच्या ५एफ कप्प्यात दोन. दोघांची स्फटिकरचना एकच, धाग्याला धागा जुळणारी. तरी एक पांढरं शुभ्र, दुसरं काळपट तपकिरी. फरक त्या दोन इलेक्ट्रॉनांचा.

आणि हा फरक फक्त रंगापुरता नाही. युरेनियम डायऑक्साइड नायट्रिक आम्लात टाकलं की विरघळतं, कारण उरलेले दोन इलेक्ट्रॉनही ते देऊन टाकतं आणि पाण्यात सहज जाणारं 'युरेनिल' तयार होतं. थोरियमकडे द्यायला काही नाहीच, म्हणून ते आम्लाला दाद देत नाही. विरघळवायला त्यात किंचित हायड्रोफ्लोरिक आम्ल घालावं लागतं, आणि ते पोलादाची भांडी खातं, म्हणून त्याचा बंदोबस्त वेगळा. सायरस अणुभट्टीत थोरियाच्या कांड्या भाजून त्यातून युरेनियम-२३३ काढायचं काम ट्रॉम्बेला झालं, ते या हट्टी पदार्थाशी झगडतच. भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेतला तिसरा टप्पा थोरियमवर उभा आहे. तो लांबला याची कारणं बरीच आहेत. पण त्यातलं एक कारण आज्जाच्या बत्तीत डोळ्यांसमोर होतं: जी वस्तू ज्योतीला बधत नाही, ती आम्लालाही बधत नाही.

बरं, ५एफ नावाचा कप्पा आहे हे तरी कधी कळलं? फार जुनी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या तक्त्यात थोरियम हाफ्नियमच्या खाली आणि युरेनियम टंगस्टनच्या खाली छापलेलं असायचं. ग्लेन सीबोर्गने १९४४ साली सुचवलं की ही सगळी मंडळी एक वेगळं कुळ आहे, लँथेनाइडांसारखं, आणि त्यांच्यात ५एफ कप्पा भरत जातो. त्याच्या हितचिंतकांनी त्याला हे छापू नकोस असंही सांगितलं होतं म्हणतात. १९४५ साली त्याने ते छापलं. पण "कप्पा भरत जातो" हे एकट्या अणूबद्दल झालं. ऑक्साइडमध्ये, शेजारी ऑक्सिजन दाटीवाटीने उभे असताना, त्या कप्प्यात नेमके किती इलेक्ट्रॉन आहेत आणि ते कुणाचे, हे कसं मोजणार?

इथे एक कोडं सांगतो, कारण ते मला फार आवडतं. युरेनियमच्या धंद्यातला जो माल जगभर पौंडांवर विकला जातो, त्याचा भाव 'यू३ओ८' या ऑक्साइडमध्ये सांगतात. तीन युरेनियम, आठ ऑक्सिजन. आठ ऑक्सिजन मिळून सोळा इलेक्ट्रॉन मागतात. ते तीन युरेनियमांनी मिळून द्यायचे. कसे? एकाने चार आणि दोघांनी सहा-सहा दिले तर सोळा. दोघांनी पाच-पाच आणि एकाने सहा दिले, तरी सोळाच! शाहूपुरीतल्या गूळ अडत्याच्या वहीसारखं आहे हे. बेरीज जुळते, पण कुणी किती दिले ते बेरजेवरून कळत नाही. आम्लात विरघळवून मोजावं तर विरघळताना हिशेबच बदलतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात, डीबगर लावला की बग गायब.

हा नुसता बौद्धिक खेळ नव्हे. युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्या हवेत तापल्या तर टप्प्याटप्प्याने ऑक्सिजन घेत यू३ओ८ होतात, आणि तसं होताना आकारमान साधारण ३६ टक्क्यांनी वाढतं. गोळी फुटून भुकटी होते. वापरलेलं इंधन तारापूरला असो की कुठेही, वर्षानुवर्षं साठवायचं आहे. युरेनियमने चार दिले असतील तर ते पाण्यात जवळपास जात नाही, सहा दिले तर सहज जातं. मधल्या पायऱ्यांवर काय होतं हे माहीत नसेल तर जमिनीखालच्या पाण्याबद्दल बोलणारे सगळेच अंदाज बांधत असतात.

हिशेब न मोडता वही वाचायची युक्ती क्ष-किरणांनी दिली. १९१३ साली मोझलीने दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची सही वेगळी आहे. पण ती मूलद्रव्याची सही, संयुगाची नव्हे, असं तेव्हा वाटत होतं. १९२० साली स्वीडनमधल्या लुंडला बेर्गेनग्रेन नावाच्या संशोधकाला दिसलं की फॉस्फरसची क्ष-किरण शोषण्याची 'कड' त्याच्या रासायनिक रूपाप्रमाणे किंचित सरकते. कड म्हणजे काय? क्ष-किरणांची ऊर्जा वाढवत नेली की एका ठरावीक ठिकाणी अणू ते किरण एकदम गिळायला लागतो, कारण आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन उपटण्याइतकी ऊर्जा तिथे पुरी होते. अणूने बाहेरचे इलेक्ट्रॉन जितके जास्त देऊन टाकलेले, तितकी आतल्यांवरची केंद्रकाची पकड घट्ट, आणि तितकी ती कड वर सरकते. म्हणजे कड कुठे आहे ते बघा आणि अणूने किती दिले ते ओळखा. पदार्थ विरघळवायला नको, जाळायला नको.

आता पॅरिसला जाऊ, कारण तिथून ही गोष्ट महाराष्ट्रात येते.

इव्हेत कोश्वा (जन्म १९०८) या बाईंनी १९३२ च्या सुमारास क्ष-किरण वर्णपट घेण्यासाठी वाकवलेल्या स्फटिकाचं एक उपकरण बनवलं. अभ्रकासारख्या स्फटिकाचा पातळ पापुद्रा वाकवायचा आणि किरण त्याच्या आरपार जाऊ द्यायचे. वाकामुळे किरण एकवटतात, त्यामुळे अंधूक रेषाही फिल्मवर उमटतात. कल्पना साधी, पण त्या काळी या उपकरणाने मोठं काम केलं. बाईंनी त्यावर जड मूलद्रव्यांचे वर्णपट घेतले. १९४० च्या सुमारास युरेनियमच्या 'एल' कडांवरही काम केलं. होरिया हुलुबेई या रुमानियन सहकाऱ्याबरोबर त्यांनी ८५ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडल्याचा दावाही केला होता. तो मान पुढे दुसऱ्यांना गेला. १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती इथल्या सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण वापरण्याचे युरोपातले पहिले प्रयोगही त्यांच्याच गटाचे. १९९९ साली त्या गेल्या, आणि त्यांची समाधी रुमानियातल्या बर्साना इथल्या मठात आहे.

त्यांच्या हाताखाली पॅरिसला जाऊन डॉक्टरेट करणारे एक मराठी गृहस्थ होते, प्रा. चिंतामणी मांडे. त्यांचा प्रबंध १९६० च्या सुमाराचा. विषय 'के' शोषणकडांची रचना. परत येऊन नागपूर विद्यापीठात त्यांनी क्ष-किरण वर्णपटशास्त्राचा गट उभा केला आणि या विषयात विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, आणि ते केवळ मराठीपणाचं नाही. हे उपकरण नागपुरात चालू शकत होतं! वाकवलेला अभ्रक, क्ष-किरण नळी, फोटोची फिल्म, आणि तासन् तास वाट बघायची तयारी. मग ती फिल्म धुवायची, सूक्ष्मदर्शी मोजणीयंत्राखाली धरायची आणि कड कुठे आहे ते एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या अचूकतेने वाचायचं. महाग यंत्राविना, चिकाटीवर चालणारं विज्ञान. अणुशक्तीच्या खात्याला जे पैसे मिळत होते, त्याच्या पासंगालाही विद्यापीठांचं अनुदान पुरत नव्हतं. हा तक्रारीचा सूर वाटेल, पण तो तसा लावल्याशिवाय नागपूरच्या कामाची किंमत कळत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नागपूरच्या गटाचं काम मुख्यतः तांबं, मँगनीज, कोबाल्ट अशा धातूंच्या संयुगांवर होतं, ॲक्टिनाइडांवर नव्हे. पण प्रश्न तोच: कड किती सरकली यावरून अणूवरचा प्रभार कसा वाचायचा? १९८२ साली कोश्वाबाईंच्या गौरवार्थ एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याचे संपादक दोन, पॅरिसच्या क्रिस्तियान बोनेल आणि नागपूरचे चिंतामणी मांडे. कडांच्या रासायनिक सरकण्यावरचं प्रकरण मांडे आणि सप्रे यांचं. आणि बोनेलबाई? त्यांनी युरेनियम, प्लुटोनियमसारख्या ॲक्टिनाइडांच्या क्ष-किरण वर्णपटांवर आयुष्यभर काम केलं. २०१५ साली त्यांचं याच विषयावर पुस्तक आलं, विरळ मृदा आणि ॲक्टिनाइड. एकाच गुरूची दोन शिष्यं, एक तांब्याकडे गेला, एक युरेनियमकडे गेली. मुखपृष्ठावर दोघांची नावं शेजारी शेजारी.

मग यू३ओ८ चं कोडं तेव्हाच का सुटलं नाही? कारण भिंग पुसट होतं. युरेनियमची सोयीची कड 'एल-३', सतरा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या थोडी वर. तिथे आतला इलेक्ट्रॉन उपटला की मागे राहिलेली पोकळी क्षणार्धात भरून निघते. ती जितकी अल्पायुषी, तितकी कड पसरट. इथे हा पसारा सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. आणि चार देणाऱ्या व सहा देणाऱ्या युरेनियममधला फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास. धुक्यात दोन बत्त्या शेजारी टांगल्या तर एकच मोठा गोळा दिसतो, तसं. सरासरी कळते, आणि सरासरी आपल्याला आधीच माहीत होती! शिवाय 'एल-३' वर इलेक्ट्रॉन उडून जातो तो मुख्यतः ६डी कप्प्यात. आपल्याला बघायचा आहे ५एफ. म्हणजे भिंगही पुसट आणि खिडकीही शेजारच्या घराची.

सैद्धांतिक बाजूलाही फार बरं चाललं नव्हतं. (संगणकवाल्यांसाठी हा परिच्छेद.) घन पदार्थांचे इलेक्ट्रॉन मोजायचे जे नेहमीचे प्रोग्राम, ते युरेनियम डायऑक्साइडला चक्क धातू ठरवत. तर्क सरळ: कप्पा अर्धवट भरलेला, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे फिरणार, म्हणजे वीज वाहणार. प्रत्यक्षात तो विद्युतरोधक आहे, सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी असलेला. ५एफ मधले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके टाळतात की कुणी जागा सोडत नाही. एस.टी.च्या गर्दीत प्रत्येकाने आपापली दांडी धरून ठेवावी तसं. १९९१ साली अनिसिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी या टाळाटाळीची किंमत वेगळी धरणारी एक दुरुस्ती सुचवली, जिला 'यू' म्हणतात (युरेनियमचा यू नव्हे, योगायोग). नव्वदच्याच दशकात ती युरेनियम डायऑक्साइडला लावली गेली आणि उत्तर बरोबर यायला लागलं. पण त्या 'यू' ची किंमत बाहेरून घालायची. आम्ही याला पॅच म्हणतो. चालतो, पण रात्री झोप लागत नाही. म्हणून मोजमाप हवंच होतं.

मोजमापाची भारतातली जागा म्हणजे इंदूर. तिथला इंडस-२ हा २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन, १७२ मीटर परिघाचा, २००५ साली सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींनी तिथे क्ष-किरण शोषणाच्या बीमलाइन उभारल्या आणि थोरियात दुसऱ्या धातूंची ऑक्साइडं मिसळली की आजूबाजूच्या अणूंची अंतरं कशी बदलतात यावर मोजमापं केली. नागपूरला जी फिल्म तासन् तास उघडी ठेवावी लागे, तिथे आता काही मिनिटांत वर्णपट मिळतो. थोरियम आणि युरेनियम दोघांच्या 'एल-३' कडा या पट्ट्यात येतात. ५एफ कडे थेट बघणारी 'एम-४' कड मात्र खाली, ३७०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ आहे. तिथले किरण इतके दुबळे की हवाच त्यांना खाऊन टाकते.

ती खिडकी उघडली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला. तिथल्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर क्रिस्टिना क्वाश्निना आणि सहकाऱ्यांनी 'एम-४' कडेवर एक युक्ती वापरली. अणू क्ष-किरण गिळतो आणि लगेच दुसरा क्ष-किरण बाहेर टाकतो. गिळलेले मोजण्याऐवजी, बाहेर पडणाऱ्यातला एक अगदी अरुंद पट्टाच तेवढा निवडून मोजायचा. मग पसारा पहिल्या अल्पायुषी पोकळीवर ठरत नाही, नंतरच्या दीर्घायुषी पोकळीवर ठरतो. धुकं हटतं. आणि तो अरुंद पट्टा निवडायला काय वापरतात? वाकवलेले स्फटिक! रचना कोश्वाबाईंच्या उपकरणाहून वेगळी आहे, इथे किरण आरपार जात नाहीत, परावर्तित होतात. पण स्फटिक वाकवून किरण एकवटायचे ही जात तीच.

२०१३ साली निकाल छापून आला. यू३ओ८ मध्ये चार देणारा युरेनियम नाहीच. दोघे पाच-पाच देणारे, एक सहा देणारा. आणि यू४ओ९ सारख्या मधल्या पायरीवर चार आणि पाच देणारे. म्हणजे डायऑक्साइड ऑक्सिजन घेत जातं तेव्हा युरेनियम चारवरून सहावर उडी मारत नाही, पाचवर थांबतो. अनेकांना ही शंका आधीपासून होती. पण शंका आणि मोजमाप यांत फरक असतो, आणि इथे तो फरक भरून यायला बेर्गेनग्रेनपासून ९३ वर्षं लागली.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. थोरियाबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. चार दिले, शिल्लक शून्य, कप्पा रिकामा. पाठ्यपुस्तकात आयनिक संयुग म्हणून त्याचं उदाहरण द्यावं असं. पण २०१६ साली बुतोरिन, क्वाश्निना आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती थोरियावर लावली. वर्णपटात मुख्य शिखराच्या बाजूला छोटी शिखरं दिसली, आणि ती ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन परत येत असल्याची खूण होती. त्यांचा निष्कर्ष: थोरिया आजवर समजत होते तसं आयनिक संयुग नाही. ऑक्सिजनला दिलेले इलेक्ट्रॉन पूर्ण दिलेले नाहीत. त्यांचा काही वेळ ते थोरियमच्याच ६डी आणि ५एफ कप्प्यांत घालवतात, ६डी मध्ये ५एफ च्या दुप्पट. कप्पा रिकामा म्हणून पाटी लावलेली, आत मात्र कुणीतरी ये-जा करतंय.

१८९१ पासून हा पदार्थ जगभर घराघरांत जळत होता. त्याच्या उजेडात लोकांनी गूळ केला, लग्नं लावली, अभ्यास केले. आणि तो आतून कसा आहे याचं बरोबर उत्तर आलं ते गॅसबत्ती माळ्यावर गेल्यानंतर.

आता डबीबद्दल. थोरियम किरणोत्सारी आहे, पण त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १४०० कोटी वर्षं, म्हणजे अगदी संथ. त्याचे अल्फा कण कातडीतून आत जात नाहीत. काळजी करायची ती राखेच्या धुळीची, श्वासातून आत जाणाऱ्या. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या काही उत्पादकांनी थोरियम सोडून यिट्रियम वापरायला सुरुवात केली ती याच भीतीपोटी. आज्जा तुटलेला मेंटल फुंकर मारून उडवायचा, हे आठवलं आणि जरा कसंतरी झालं. पुढे तो नव्वदीपर्यंत जगला, विड्या ओढत. त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही.

आईने विचारलं, "बत्तीचं काय करायचं?" बत्ती घासून पुसून दिवाणखान्यात ठेवू म्हटलं. पाकिटं मी उघडली नाहीत. न जळलेल्या मेंटलमध्ये अजून ऑक्साइड नाहीच, कापडात मुरलेला थोरियमचा क्षार आहे. जाळल्यावरच त्याचं थोरिया होतं. डबीला चिकटपट्टी लावली, वर मार्करने "थोरियम, जाळू नये" असं लिहिलं आणि परत माळ्यावर चढवली.

खाली उतरलो तर आई म्हणाली, "तेवढं बाकीचं सामान राहिलंय की रे."